सात घरांची दुसरी काठी

हे लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. मी काही लिहिणारी नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली, आणि कॉलेजातले निबंध सोडले तर कधी काही लिहिलेलं नाही. शिवाय दुखणं माझं नव्हतं, बाबांचं होतं. पण ते आमच्या घरात सात महिने राहिलं, आणि घरात राहिलेलं दुखणं एकट्याचं राहत नाही, एवढं मला कळलं. डॉक्टरांनी "आता घरी न्या" म्हणून ज्यांच्याकडे माणूस परत पाठवलाय, त्यांच्यासाठी लिहिते आहे. औषधांतलं मला कळत नाही, ते मी सांगणार नाही.

आधी आमची वाडी सांगायला हवी, नाहीतर पुढचं समजणार नाही. पालीच्या एसटी स्टँडवरून पायवाटेने अर्धा तास आत गेलं की सात घरं लागतात. खाली पऱ्या, म्हणजे ओढा आहे. दिवाळीनंतर सगळे मिळून त्याच्यावर दगडमातीचा बंधारा घालतात आणि पाटाने पाणी बागांना आणतात. घरं सात, वार सात. प्रत्येक घराला एक दिवस पाणी. ज्याचा दिवस संपला, त्याने संध्याकाळी पाळीची काठी पुढच्या घराच्या पायरीला टेकवून ठेवायची. हाक मारायची नाही, काही सांगायचं नाही. काठी पायरीला लागली की उद्याचं पाणी तुमचं आणि उद्याचा पाट राखायचं कामही तुमचं. दोन घरांत भांडण असेल, बोलणं बंद असेल, तरी काठी टेकवायचीच. यामुळे आमच्याकडे घरं वारानेच ओळखतात. "बुधवाराकडे म्हैस व्याली," असं कोणी म्हटलं तर आम्हाला त्यात नवल वाटत नाही. आमचं घर रविवार.

ती काठी बाबांनीच ऐनाच्या लाकडाची तासून केलेली. पाळी लावायचं, बंधाऱ्याला माणसं जमवायचं काम वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होतं.

*

गणपतीनंतर बाबांना गिळताना दुखायला लागलं. तंबाखू होतीच. आधी हळद-गुळण्या झाल्या, मग पालीचे डॉक्टर, मग रत्नागिरी. तिथे घशातला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि आठवड्याने कागद न्यायला सांगितलं. मी रोज पहाटेच्या एसटीने रत्नागिरीला कॉलेजला जायचे, म्हणून बाबा म्हणाले, "तूच येताना आण. दोघांचं भाडं कशाला."

मधल्या सुट्टीत मी पाकीट घेतलं. डॉक्टर ऑपरेशनला गेले होते. "वडिलांना घेऊन या, साहेब समजावतील," असं तिथल्या बाईंनी सांगितलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं. बाहेर बाकावर बसून मी कागद उघडला. सगळं इंग्रजीत. घरात सगळ्यांना वाटायचं की मी कॉलेजात जाते म्हणजे मला इंग्रजी येतं. मला त्यातला शेवटचा शब्द कळला नाही. तो मी वहीत उतरवून घेतला, कॉलेजच्या ग्रंथालयात गेले आणि जाड शब्दकोश मागितला. ग्रंथपालांनी विचारलं, "कुठल्या विषयासाठी?" मी म्हटलं, "इंग्रजीसाठी."

शब्द सापडला. त्याच्यापुढे मराठीत अर्थ होता. मी शब्दकोश मिटला आणि पुढच्या तासाला जाऊन बसले. त्या तासाला सरांनी काय शिकवलं, ते आजही मला सांगता येणार नाही, पण मी सगळं लिहून घेतलेलं वहीत आहे. अक्षरही नीट आहे.

संध्याकाळी बाबा पालीच्या स्टँडवर उभे होते.

"काय लिवलान हाय?"

"सूज आहे म्हणे. मुंबईला मोठ्या डॉक्टरना दाखवायला सांगितलंय."

"सूजच ना?"

"हो."

"मग बरा झाला," ते म्हणाले, आणि आम्ही वाट चालायला लागलो. घरी आईला आणि मुंबईला पत्राने माझ्या भावाला, वसंतदादाला, मी खरं सांगितलं. बाबांना कोणी सांगायचं नाही, हे आम्ही ठरवलंसुद्धा नाही. ते ठरलेलंच होतं.

*

मुंबईला दीड महिना गेला. दादाच्या खोलीवर राहून लाईट, म्हणजे किरणांचा शेक, घ्यायला जायचं, रांगेत बसायचं, परत यायचं. दिवाळीची सुट्टी होती म्हणून पहिले तीन आठवडे मी बरोबर होते. इस्पितळाचा दिवस म्हणजे मुख्यतः वाट बघणं. मला आठवतात त्या बारीक गोष्टी. केसपेपर सांभाळायला एका आजोबांनी दिलेली प्लॅस्टिकची पिशवी. रांगेत सगळ्यांनी एकमेकांची गावं विचारणं. बाबांना वॉर्डात चार दिवस ठेवलं होतं, तेव्हा समोरच्या खाटेवर एक माणूस होता. त्याच्याकडे कोणी यायचं नाही. तो आल्यागेल्या प्रत्येकाकडे बघायचा. एके दिवशी आम्ही गेलो तर खाट रिकामी, चादर बदललेली.

तिथे एक बाई होत्या. डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. पेशंटच्या घरच्यांशी बोलणं हे त्यांचं काम. आता लाईटचा उपयोग नाही, घरी न्या, हे आम्हाला त्यांनीच सांगितलं. दादा खाली बघत होता. मी विचारलं, "घरी नेऊन काय करायचं?"

त्या म्हणाल्या, "दुखण्याच्या गोळ्या लिहून देतील, त्या वेळेवर द्यायच्या. बाकी, जवळ बसायचं." मग त्यांनी सांगितलं, की परदेशात काही ठिकाणी अशा शेवटच्या दुखणेकऱ्यांसाठी घरं असतात. तिथे आसपासची साधी माणसं पाळीपाळीने येऊन बसतात. कोणी दुकानदार, कोणी मास्तर, कोणी घर सांभाळणाऱ्या बायका. "तिथेही माणसं कमी पडतात म्हणे. सगळ्या जगात तीच रड आहे. औषध वाढतंय, बसणारं माणूस कमी होतंय. आपल्याकडे तर अजून असं घरच नाही. चाललंय कुणाकुणाचं, बघू." त्यांनी मला कागदावर आपलं नाव लिहून दिलं आणि म्हणाल्या, "कसं चाललंय ते कळव."

मी तेव्हा मान हलवली. ऐकलं होतं, पण मनात शिरलं नव्हतं.

*

बाबा घरी आले तेव्हा बंधारा बांधून झाला होता, त्यांच्याशिवाय पहिल्यांदाच. त्यांना पडवीलगतच्या खोलीत खाट घातली, म्हणजे खिडकीतून पाट दिसेल.

माणसं बघायला येऊ लागली. प्रेमानेच यायची, हे मी आधी सांगते, कारण पुढचं वाचून राग आल्यासारखं वाटेल. प्रत्येकजण ग्लुकोजची बिस्किटं आणायचा, आणि बाबांना पाणीसुद्धा चमच्याने जात होतं. खाटेभोवती बसायचं, आळीपाळीने "काय, कसा वाटतंय?" विचारायचं, आणि मग आपसात बोलायचं. आईच्या माहेरचे एक मामा म्हणाले, "अगदी हेच आमच्या शेजाऱ्याला झालेला. अगदी हाच घसा."

आईने विचारलं, "मग? बरा झाला?"

"नाय, गेला तो," मामा म्हणाले, आणि घाईने पुढे म्हणाले, "पन तेचा येगला होता."

बाबांनी डोळे मिटून घेतले. हसू लपवायला, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

महिन्याभरात बघायला येणारी माणसं संपली. ज्यांना यायचं होतं ते येऊन गेले. मग दिवस उरले. मी पहाटे जायची ती संध्याकाळी यायची. आई बाग बघून दुपारी काजूच्या कामाला जायची, कारण बाबांचं काम थांबलं होतं. ती धावत घरी यायची, बाबांना पेज पाजायची, धावत परत जायची. एकदा पेज बाबांच्या तोंडून अंगावर सांडली तेव्हा तिने भांडं खाली आपटलं. "मी किती ठिकानी पुरू? मुलगा मुंबईला, मुलगी कालेजात, मी काय दोन हातांचे चार करू?"

बाबांनी तोंड भिंतीकडे केलं. आई परसात जाऊन रडली. मी पुस्तक पुढे धरून बसले होते. उठून तिच्याकडे जायला हवं होतं, पण काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी पान उलटलं. हे सांगायला मला लाज वाटते. पण कुणाच्या घरी असं झालं असेल, तर त्यांना कळावं की हे इतरांकडेही होतं.

आणि मधल्या वेळात बाबा एकटे असायचे. मी एकदा लवकर परतले तर ते खाटेवरून खाली येऊन उंबऱ्याला टेकून बसलेले. पाणी हवं होतं. किती वेळ बसले होते, ते त्यांनी सांगितलं नाही.

*

त्या दिवशी मी मनाशी ठरवलं की कॉलेज सोडायचं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेचा फॉर्म भरायचे दिवस होते. मी भरला नाही. दोन दिवसांनी बाबांनीच विचारलं. त्यांचा आवाज तेव्हा खोल गेला होता, कान जवळ न्यावा लागायचा.

"फारम भरलास?"

"या वर्षी नाही बसत, बाबा. पुढच्या वर्षी बसेन."

"म्होरच्या वर्षी मी नसेन. मग कुनासाठी थांबलीस म्हनशील?"

 मी हळूच विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच."

"मी कधी?"

"पालीच्या ष्ट्यांडावर. तू एष्टीतनं हसत उतरलीस. रोज उतरतेस ती कशी, मला ठाव नाय काय? आंबलेली असतेस नुसती." त्यांना धाप लागली. मी पाणी दिलं. चमचाभर पाणी संपायला बराच वेळ लागला. मग ते म्हणाले, "मला इस्पितळात परत धाडू नका. हितंच ऱ्हायचंय, पाट बघत. आनि तू परीक्षेला बसायचंस. दोन्ही कसा व्हायचा, ता तू बघ. तू शिकलेली."

मला वाटतं, आयुष्यात पहिल्यांदाच कोणी मला शिकलेली म्हणून काम सांगितलं होतं. मी दुसऱ्या दिवशी फॉर्म भरला. पण दुसरं काम कसं करायचं, ते समजत नव्हतं. मी नसताना, आई नसताना, रोज सकाळी आठ ते संध्याकाळी पाच बाबांजवळ कोण असणार? कोणाला विचारायचं म्हटलं की जीभ रेटेना. ज्याला त्याला आपलं काम होतं.

मग मुंबईच्या त्या बाईंचं बोलणं आठवलं. पाळीपाळीने. आमच्याकडे पाण्याची पाळी होतीच, तिचीच नक्कल करायची. मी एका स्वच्छ कागदावर सात वार लिहिले, समोर घरांच्या कर्त्यांची नावं लिहिली, आमच्या रविवारापुढे माझं. खाली सूचना लिहिल्या: पाणी चमच्याने द्यावे. रुग्णाशी बोलत राहावे. धीर द्यावा. तो कागद घेऊन मी भागीकाकीकडे गेले. भागीकाकी म्हणजे आमच्या वरच्या अंगाचं घर, बुधवार. साठीची, एकटी, तोंडाने तिखट. वाडीत तिला सगळे वचकून असायचे, बाबासुद्धा.

मी तिला बाईंनी सांगितलेलं सांगितलं. परदेशातली घरं, पाळीने येणारी माणसं.

"तेंच्याकडं पन पाट हाय काय गो?" तिने विचारलं.

"पाट नाही काकी. नुसती पाळी."

"बरं, वाच तुजी यादी."

मी नावं वाचली. तिने सुपातले कुळीथ पाखडायचं थांबवलं. "ह्यातले चार मुंबईला हायत. ते काय टपालानं येनार?"

खरंच होतं. पाण्याची पाळी पुरुषांच्या नावावर, म्हणून मी तीच नावं उतरवली होती. पाटावर फावडं घेऊन उभ्या राहतात त्या बायका, हे मी जन्मापासून बघत होते आणि लिहिताना विसरले होते.

"आनि हे खाली काय लिवलंस? धीर द्यावा?" काकी म्हणाली. "धीर काय पेजेत घालून द्यायचा?" तिने कागद घेतला, घडी केली, चुलीपाशी ठेवला. मला वाटलं, झालं, संपलं. मग ती उठली आणि दाराआडून एक जुनी काठी घेऊन आली. ती तिच्या नवऱ्याची होती. तो गेल्यापासून तिथेच उभी होती.

"आमचा मानूस मुंबईच्या इस्पितळात गेला. मी पोचले तवा खाट रिकामी," ती म्हणाली. एवढंच. तिच्या तोंडून मी ते पहिल्यांदा ऐकलं. मग नेहमीच्या आवाजात, "जा आता. यादी नुको नि काय नुको."

त्याच संध्याकाळी दोन काठ्या फिरल्या. पाण्याची काठी त्या दिवशी भागीकाकीच्या घरून पुढे जायची होती. तिने दोन्ही काठ्या गुरुवाराच्या पायरीला टेकवल्या. कोणी काही विचारलं नाही. गुरुवारच्या घरची बाई सकाळी आमच्या दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "तू जा कामाला. आज माझा दिवस हाय."

*

सगळं लगेच सुरळीत झालं, असं नाही. शुक्रवारच्या बाई इतकं बोलायच्या की बाबा झोपेचं सोंग घ्यायचे. मंगळवारचे दत्तूआबा ठार बहिरे. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला बोलता येत नाही; दोघांचं छान जमायचं. आबा बांबूच्या कामट्या तासत बसायचे आणि मधूनच मोठ्याने म्हणायचे, "बरोबर हाय तुजा." बाबांनी काहीच म्हटलेलं नसायचं.

खरा पेच सोमवारचा होता. त्या घरात पुरुष मुंबईला, सासू गुडघ्यांनी जागची हलत नव्हती, उरली सुमती. लग्न होऊन वर्ष झालेलं. वाडीतल्या सुना मोठ्या माणसांपुढे बसत नसत, समोरून जातानासुद्धा बाजूने जात. बाबांशी ती आजवर एक शब्द बोलली नव्हती. पण काठी पायरीला लागली होती, त्यामुळे ती आली. डोक्यावर पदर घेऊन आली ती खोलीत गेलीच नाही. पडवीत, दाराशेजारच्या भिंतीला पाठ लावून, बाबांना दिसणार नाही अशी बसली आणि नारळाच्या झावळ्यांची झापं विणत राहिली. दिवसभर. त्या सोमवारी कॉलेजला सुट्टी होती म्हणून हे मी पाहिलं.

भागीकाकी डोकावली. "भिंतीआड बसलीस काय गो? दुखनेकरी आत हाय, तू काय झापांना सोबत करतेस?"

सुमती लालबुंद झाली. तेवढ्यात आतून काठीचा आवाज आला. काठी जिचा दिवस असेल ती बाबांच्या उशाशी ठेवायची. त्यांचा आवाज जवळजवळ गेला होता, म्हणून आम्ही खूण ठरवली होती. एकदा आपटली की पाणी, दोनदा आपटली की ठीक आहे, काही नको. काठी दोनदा वाजली.

मी आत गेले. बाबांनी कान जवळ आणायची खूण केली. "ऱ्हाऊ दे तिला. आवाज येतो." झाप विणताना पात्याचा सळसळ आवाज येतो, तो. "ती काय विचारत नाय," ते म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी मला सांगितलं की मुंबईहून आल्यापासून दिवसा पहिल्यांदा झोप लागली. मग मी नीट विचार केला. बघायला येणारा प्रत्येकजण बाबांकडून काहीतरी मागत होता. कसं वाटतंय ते सांगा, बरं वाटतंय म्हणा, आमच्याकडे बघून हसा. मीही तेच मागत होते. सुमतीने काही मागितलं नाही. आपलं काम घेऊन आली आणि हाकेच्या अंतरावर बसली. हळूहळू बाकीच्यांनीही तसंच धरलं. कोणी वाल सोलायला आणले, कोणी गोधडी. बाबा त्यांना नावाने न बोलवता वारानेच बोलवायचे. सकाळी मी निघताना ओठ हलवून विचारायचे, "सोमवार आला?" माझा दिवस आला की "रविवार" म्हणून माझ्याकडे बोट करायचे. रविवारी मी उशाशी बसून अभ्यास करायचे. बाबा मोठ्याने वाच म्हणायचे. इतिहासातल्या अर्ध्या लढाया त्यांना पाठ झाल्या असतील.

आईचं ओरडणं कमी झालं. ती संध्याकाळी येऊन बाबांचे पाय चेपत बसायची, तेव्हा ती कामावरून आलेली बाई नसायची, त्यांची बायको असायची. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला.

दुखत होतं. ते मी लपवत नाही. गोळ्यांनी काही वेळ बरं वाटायचं, मग परत. तोंडाला वास यायला लागला होता आणि दादा रजा काढून चार दिवस आला तेव्हा त्याला तो सहन झाला नाही; बाहेर जाऊन बसला आणि स्वतःवरच चिडला. सगळ्यांनाच सगळं जमत नाही. त्याने मुंबईला परतल्यावर गोळ्या कधी कमी पडू दिल्या नाहीत.

*

परीक्षा एप्रिलमध्ये होती. तिसरा पेपर सोमवारी. त्या सकाळी बाबांचा श्वास वेगळा वाटत होता. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, "मी आज नाही जात."

सुमती पडवीत येऊन बसली होती. झावळ्यांचा आवाज सुरू झाला होता. बाबांनी काठीवर हात ठेवला. उचलायला त्यांना वेळ लागला. दोनदा वाजवली. ठीक आहे, काही नको.

मी गेले. पेपर लिहिला. शेवटच्या अर्ध्या तासात माझं लक्ष लागलं नाही, पण लिहिला.

चारच्या एसटीतून उतरले तर स्टँडवर दत्तूआबा उभे होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि पुढे चालायला लागले. मला कळलं.

अकराच्या सुमाराला काठी एकदा वाजली होती. सुमती पाणी घेऊन आत गेली. नेहमी ती वाटी दाराशी ठेवून काकीला हाक मारायची. त्या दिवशी काकी सुमतीच्या वाट्याचा पाट राखायला गेली होती, म्हणून ती स्वतः खाटेजवळ गेली. चमच्याने पाणी घातलं. पाणी गेलं नाही. तिने दुसरा चमचा घातला, आणि बाबांनी तिच्याकडे बघितलं. ती तिथेच खाली बसली, त्यांचा हात धरून. मग काकीला हाक मारली. आई धावत आली तोवर झालं होतं.

मी पोचले तेव्हा सुमती पडवीच्या कोपऱ्यात उभी होती. रडून तिचा चेहरा सुजला होता. आईपुढे येऊन ती म्हणाली, "शेवटचा पानी मी घातलाय, काकी. घरच्यांनी घालाचा असतो. माझा हात चालतो काय, मला ठाव नाय."

आमच्याकडे हे मोठं असतं. शेवटचं पाणी मुलाच्या हातचं, निदान रक्ताच्या माणसाच्या हातचं. ओटीवर बसलेली माणसं आईकडे बघायला लागली. आईने तिच्याकडे बघितलं.

"तुजाच चालतो," आई म्हणाली. "सोमवार तुजा होता."

बाबा गेले तेव्हा मी जवळ नव्हते, याची टोचणी मला राहीलच असं वाटलं होतं. ती थोडी आहे. पण जेव्हा टोचते तेव्हा मी झावळ्यांचा तो आवाज आठवते. मी नव्हते. कोणीतरी होतं.

*

मी पास झाले. मार्क फार नाहीत, पण तिसऱ्या पेपरात सगळ्यांत जास्त आहेत. पुढे शिकायचं ठरवलं आणि रत्नागिरीतच शिकवण्या घेत राहू लागले. शनिवारी घरी यायचे.

मुंबईच्या बाईंना मी सगळं लिहून कळवलं. त्यांचं उत्तर आलं. तिकडे तसं एक घर आता खरंच सुरू होतंय, खाटा आल्यात, डॉक्टर मिळालेत. बसायला येणारी माणसं मात्र शोधावी लागतायत. बरीच माणसं विचारतात, आम्हाला तर काही येत नाही, आम्ही काय करणार? "तुमच्या सुमतीची गोष्ट मी त्यांना सांगते," असं त्यांनी लिहिलं होतं. "तुमच्या सात घरांत सात मिळाली. एवढ्या मोठ्या शहरात सात मिळवताना आमची दमछाक होते. परदेशातूनही हीच पत्रं येतात."

मला त्या माणसांना सांगावंसं वाटतं की काही यावं लागत नाही. आपलं काम घेऊन जावं. हाकेच्या अंतरावर बसावं. काठी वाजली तर उठावं.

काकीची काठी बाबांनंतर आमच्या पडवीत तशीच उभी होती. कोणी हलवली नाही. मग दिवाळीनंतर बंधारा झाला, पाण्याची काठी फिरू लागली, आणि एके दिवशी ही दुसरी काठी जागेवर नव्हती. आई म्हणाली, भागीकाकी घेऊन गेली. खालच्या वाडीत पार्वतीआजी म्हणून एक बाई अंथरुणाला खिळल्यात, सून एकटी आहे. त्यांची सहा घरं, सातवा वार रिकामा राहत होता. काकीने तो आमच्या घरासाठी मागून घेतला होता, हे मात्र मला कोणी सांगितलं नाही.

मागच्या शनिवारी मी घरी आले. पायरीला काठी टेकवलेली होती. मी आईकडे बघितलं. ती तांदूळ निवडत होती. "काय वाचतेस काठीकडं बघून," ती म्हणाली. "तेंच्याकडं रविवार नाय."

पार्वतीआजींना मी ओळखत नव्हते. रात्रभर मला भीती वाटत होती, खरं सांगते. काय बोलू, काय करू, त्यांना दुखायला लागलं तर? सकाळी निघताना पिशवीत पुस्तक घातलं, मग काढलं, मग सोलायला वालाच्या शेंगा घेतल्या.

त्यांच्या सुनेने माझ्याकडची काठी आत नेऊन उशाशी ठेवली, आणि मी पडवीत दाराशेजारी बसून शेंगा सोलायला लागले. अर्ध्या शेंगा सोलून झाल्या. मग आतून बारीक, ओढलेला आवाज आला.

"कोन गो?"

मी माझं नाव सांगणार होते. पण त्यांना माझं नाव काय कळणार होतं?

"रविवार," मी म्हटलं.

 आत काठी दोनदा वाजली.